पहिली गाडी काठोकाठ

हात भाजला. खरं तर एवढंच झालं. सकाळचे पावणेसात वाजले होते, खालच्या टर्मिनसवर धुकं अजून दुकानांच्या पत्र्यांवर बसलेलं होतं, आणि माझ्या हातातला कागद निसटून सोळा नंबरच्या बसगाडीच्या पुढच्या चाकाशी पडला. तो उचलायला वाकले, तोल जाऊ नये म्हणून डावा हात चाकाच्या लोखंडावर टेकला, आणि 'आई गं!' म्हणून असा काही मागे ओढला की शेजारचा मक्याच्या रोट्या भाजणारा अरेपावाला तव्यावरून मान वर करून बघायला लागला. करपल्यासारखा वास मला केव्हापासून येत होता. तो त्याच्या तव्याचा असेल असं मी धरून चालले होते. तो तव्याचा नव्हता. तळहातावर लाल पट्टा उठला होता आणि मी त्याच्याकडे बघत तशीच उकिडवी बसून राहिले, कारण दुखण्याच्या आधी दुसरंच काहीतरी डोक्यात शिरलं होतं. विजेच्या गाडीचं चाक तापत नाही. तापायचं कारणच नाही. उतारावर ब्रेकच्या पट्ट्या चाकाला घासण्याची वेळ फार थोडी येते. मोटरच उलटी काम करून गाडी धरून ठेवते, आणि धरता धरता वीज बनवून बॅटरीत परत टाकते. हे मी मार्चपासून बावीस ड्रायव्हरांना फळ्यावर चित्रं काढून शिकवत आले आहे. चाक गार राहिलं पाहिजे, असं त्या चित्राखाली मीच लिहिलेलं आहे.

"काय गं, काय झालं?" अर्खेमिरोकाका गाडीतून खाली उतरत म्हणाले.

"काही नाही."

"काही नाही म्हणणारा माणूस हात असा काखेत धरून बसतो होय? दाखव इकडे."

त्यांनी माझा हात ओढून घेतला, 'च्‌ च्‌' केलं, आणि आपल्या पाण्याची गार बाटली तळहातावर दाबून धरली. आज सोळा जुलै, कार्मेनमातेचा सण, ड्रायव्हर लोकांची दिवाळीच म्हणा ना. काकांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, केसांना तेल लावून भांग पाडला होता. गाडीच्या काचेला कागदी कार्नेशन फुलांच्या माळा होत्या आणि मधोमध मातेची तसबीर. "तापतं ते सकाळी," ते म्हणाले. "रोजचंच आहे."

"रोज?"

"रोज पहिल्या उताराला. नंतर दिवसभर काही नाही. मी सांगितलं होतं की तुमच्या त्या मीटिंगमध्ये. हा कागद तुझा का? मिरवणुकीची यादी वाटतं?"

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्यांनी कागद झटकला, डोळ्यांपासून लांब धरला आणि हसले. "चष्मा वर राहिला बघ. सही कुठे करायची?" मी बोट दाखवलं. बोटच दाखवलं मी, देवा! ते गाडीत चढले, स्टिअरिंगवर कागद ठेवला, आणि खाली त्यांची ती मोठ्या अक्षरांची, शाळेतल्या पोरासारखी सही केली. "वाचा तरी काका," मी म्हणाले, पण इतक्या हळू की माझं मलाच ऐकू आलं नसतं. "तुलिओच्या पोरीनं दिलेला कागद वाचायचा असतो का?" म्हणाले आणि कागद मला परत दिला. "चल, बस. वर जायचं ना? आठला मिरवणूक निघायची आहे, आणि सगळ्यांत पुढची गाडी आपली आहे."

कागदावर काय होतं ते सांगते. अर्खेमिरो ओकाम्पो, चालक, सलग तीन महिने वीजबचतीत तळाला. आगाराची सरासरी किलोमीटरला एक-दहा, म्हणजे एक युनिट आणि वर थोडंसं. यांचा आकडा एक-सत्तावीस. शेरा: जोरात आणि वारंवार ब्रेक मारतात, सुचवूनही सुधारणा नाही. उद्यापासून गाडी काढून घेऊन धुलाई विभागात बदली. खाली मोजणी अधिकारी म्हणून माझी सही, आणि आता शेजारी त्यांची, वाचल्याची कबुली म्हणून. अडतीस वर्षं या मनिसालेसच्या चढउतारांवर गाडी चालवलेला माणूस, निवृत्तीला अकरा महिने उरलेले, उद्यापासून पाइप धरून दुसऱ्यांच्या गाड्या धुणार. आमचे आगारप्रमुख कास्त्रियोनसाहेब म्हणाले होते, "सणाच्या दिवशी नको द्यायला, उद्या देऊ." तर मीच म्हणाले, नको, सकाळीच गाठते, माणसं कमी असतात. मला वाटलं होतं यात माझा काही मोठेपणा आहे.

गाडी चढाला लागली. मी त्यांच्या मागच्या सीटवर बसले, गार बाटली मुठीत, कागद खिशात. पाच-सात माणसं होती गाडीत, एक म्हातारी कोंबडी टोपलीत घेऊन बसलेली. चढावर विजेची गाडी आवाज करत नाही, नुसती गुणगुणते, आणि त्या शांततेत माणसाला आपलंच डोकं ऐकू येतं. माझ्या लहानपणी असं नव्हतं. बाबांची डिझेलची गाडी याच चढावर अशी ओरडायची की बोलायचं झालं तर कानाशी तोंड न्यावं लागे. आईच्या हातचं गुळाचं पाणी थर्मासमध्ये, मी इंजिनाच्या झाकणावर बसलेली, खाली ढुंगणाला चटके, आणि दारात लोंबकळत आरोळ्या देणारा कंडक्टर म्हणजे हेच अर्खेमिरोकाका, तेव्हा मिशासुद्धा धड फुटल्या नव्हत्या त्यांना. एकदा घाटातून उतरताना तो वास आला होता. नऊ वर्षांची होते मी. बाबांनी काही न बोलता गाडी डोंगराच्या बाजूला घासत नेऊन उभी केली, सगळ्यांना उतरवलं, आणि आम्ही तासभर रस्त्याकडेला बसून राहिलो. चाकांतून निळा धूर येत होता. मी पाणी ओतायला निघाले तर काकांनी मला कमरेला धरून उचललं. "पाणी नाही घालायचं पोरी, तडकेल. तिला तिचा श्वास घेऊ दे." तोच वास आज सकाळी आला आणि मला वाटलं अरेपा करपला.

रोज पहिल्या उताराला, नंतर दिवसभर काही नाही. हे वाक्य मी चाळीस वेळा मनात म्हटलं असेल. पहिल्या उताराला असं काय असतं जे दुसऱ्याला नसतं? ड्रायव्हर तोच, गाडी तीच, रस्ता तोच, अकरा किलोमीटर आणि पाचशे मीटरचा उतार. धुकं? थंडी? थंडीनं चाक तापेल कसं! आणि मग रोसेंदोचा चेहरा डोळ्यांपुढे आला, आमच्या चार्जिंगवाल्याचा.

मार्चमधली गोष्ट. विजेच्या गाड्या रस्त्यावर धावायला लागल्याचा पहिला दिवस. बनवणाऱ्यांच्या पुस्तकात लिहिलं होतं, माथ्यावरच्या आगारात बॅटरी नव्वद टक्क्यांवर थांबवा. मी तसं चार्जरला बसवून दिलं. संध्याकाळी रोसेंदो टोपी हातात घेऊन माझ्या टेबलाशी आला. "निदियाबाई, बाकीच्या एकवीस राहू द्या नव्वदवर. पण पहिली गाडी? कार्मेनमातेची गाडी अर्धवट भरून पाठवायची का?" आमच्या आगारात पन्नास वर्षांची रीत आहे ती. पहाटेची पहिली गाडी मातेची. तिची टाकी काठोकाठ भरायची, इतकी की दोन थेंब जमिनीवर सांडले पाहिजेत, ते मातेचे. म्हणजे वर्षभर कुणाची गाडी वाटेत बंद पडत नाही. बाबा हे करायचे. बाबांचं बोट धरून मी ते थेंब मातीत जिरताना बघितलेत. आणि पहिली गाडी चालवायचा मान सगळ्यांत जुन्या ड्रायव्हरचा. मी हसले होते. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं असेल, मी काय दगड नाही. नव्वदची अट बॅटरी लवकर म्हातारी होऊ नये म्हणून असते असं मी समजत होते, बावीसातली एक गाडी थोडी लवकर म्हातारी झाली तर झाली. सोळा नंबरचा चार्जर मी शंभरवर नेला. रोसेंदोनं माझा हात हातात घेऊन दाबला होता.

आणि शंभर टक्के भरलेल्या बॅटरीत उतारावरची वीज जाणार कुठे? हे एवढं! हे पाचवीतल्या पोरालाही कळलं असतं. मोटर गाडी धरायला बघते, वीज बनवते, आणि बॅटरी म्हणते जागा नाही. मग मोटर गाडी सोडून देते. मग उरतात त्या बिचाऱ्या पट्ट्या, पंधरा टनांचं धूड अकरा किलोमीटर धरून आणायला. चाक तापणार नाही तर काय होईल. आणि परत यायची ती तेरा-चौदा युनिटं वाऱ्यावर गेली की काकांच्या सकाळच्या पाळीचा ऐंशी किलोमीटरचा आकडा एक-दहावरून सरळ एक-सत्तावीसवर. मी बोटांवर हिशेब केला. भाजलेल्या हाताच्या बोटांवर केला, म्हणून आणखी दुखलं. तंतोतंत जुळत होता. बाकी कुणाला हे होत नव्हतं, कारण बाकी कुणाला मान नव्हता.

मोजलं नव्हतं का मी? मोजलं होतं! फेब्रुवारीत दोन आठवडे, माणसांच्या जागी वाळूची पोती ठेवून, एकेका सीटवर एकेक, पोत्यांना ड्रायव्हर लोकांनी नावं दिली होती, एकाचं नाव कास्त्रियोन. पण तेव्हा वरचे चार्जर बसले नव्हते. गाडी खालच्या आगारात भरायची, वर चढायची, मग उतरायची. माथ्यावर पोचेपर्यंत बॅटरीत ऐसपैस जागा झालेली असायची. भरलेली गाडी माथ्यावरून खाली सोडून मी कधी बघितलीच नाही. आणि नंतर माणसागणिक एक आकडा, पाळीच्या शेवटी. फेरीगणिक कोण बघतंय. तीन महिने मी त्या आकड्याकडे बघून मान हलवली आणि म्हटलं, जुनी खोड, डिझेलवाला आहे, पाय जड आहे.

मीटिंगमध्ये काका उभे राहिले होते. "सकाळी ही गाडी धरत नाही," म्हणाले. "पाय टेकला की नेहमी कशी लगाम ओढल्यासारखी मागे येते ना, तशी येत नाही. घसरते." कुणीतरी म्हणालं, काका, तुम्ही घसरताय. हशा झाला. काका रागावले नाहीत. "माझे आजोबा खेचरं हाकायचे या डोंगरात, कॉफीची पोती घेऊन. घाटमाथ्यावर ते खेचरांना कधी दाणे घालत नसत. खाली उतरून घालायचे. भरल्या पोटानं खेचर उताराला पाय रोवत नाही, असं म्हणायचे. ही सकाळी जेवून निघते असं मला वाटतं." पुन्हा हशा. मीसुद्धा हसले. मी हसले आणि वहीत लिहिलं: वारंवार ब्रेक मारतात. माणूस समोर उभा राहून उत्तर सांगत होता आणि मी त्याचा शेरा लिहीत होते. लाज वाटते म्हणून चालणार नाही, लाज वाटण्याच्या पलीकडचं आहे हे.

मधल्या थांब्यावर कोंबडीवाल्या म्हातारीनं काकांच्या पुढे एक चिठ्ठी धरली, दवाखान्याचा पत्ता होता. काकांनी तिला तो वाचून सांगितला, वरून कुठे वळायचं तेही समजावलं, आणि टोपलीसकट हात धरून उतरवून दिलं. मी खिडकीतून बघत होते, पण मला दिसत काहीच नव्हतं. डोक्यात एक सोपा रस्ता तयार होत होता. कागद आहे तो खिशात. वर गेल्यावर साहेबांना सांगायचं की सोळा नंबरचं मीटर बिघडलंय, आकडे भरवशाचे नाहीत, नोटीस मागे घेते. चार्जर गुपचूप नव्वदवर आणायचा. पुढच्या महिन्यात काकांचा आकडा आपोआप एक-दहावर येईल, सगळे म्हणतील, बघा, म्हातारा सुधारला. कुणाचं काही वाईट नाही. माझंही नाही. मी जवळजवळ सुटकेचा श्वास टाकला, आणि तेवढ्यात आठवलं की आज सोळा जुलै आहे.

काल दुपारी कास्त्रियोनसाहेबांनी विचारलं होतं, "ड्रायव्हर म्हणतायत, सणाला सगळ्याच गाड्या काठोकाठ भरतात. एक दिवस चालेल का?" साहेब राजधानीतले, नवे, अशा गोष्टींत मला विचारून चालतात. मी म्हटलं, एका दिवसानं काय होतंय, भरू द्या. आणि सही केली. बावीसच्या बावीस. आणि त्या गाड्या रिकाम्या उतरणार नव्हत्या. त्यांत ड्रायव्हरांच्या बायका, पोरं, म्हाताऱ्या आया, शेजारपाजार, झाडून सगळे. एकेका गाडीत साठ-सत्तर माणसं, एकामागे एक चिकटून, हॉर्न वाजवत, हळूहळू, म्हणजे अकराही किलोमीटर ब्रेकवर पाय. काका रोज सकाळी पाच-सात माणसं घेऊन उतरतात, अडतीस वर्षांचा पाय आहे त्यांचा, तरी चाकाचं लोखंड हात लावू देत नाही. बाकीच्यांना तर गाडी धरत नाही म्हणजे काय हेही माहीत नाही. त्यांना आजवर ती नेहमी धरत आली आहे. पाय टेकवतील, नेहमीसारखी मागे येईल म्हणून वाट बघतील.

फोन काढला. साहेबांचं नाव काढलं. अंगठा त्यावर ठेवला, आणि ठेवलेलाच राहिला. काय सांगायचं फोनवर? गाडीत माणसं ऐकतायत. काका ऐकतायत. वर पोचू, मग सांगू, वेळ आहे. सात वाजून बारा मिनिटं. पुढच्या वळणावर पुन्हा काढला. सात अठरा. समजा काही झालंच नाही तर? डिझेलच्या गाड्या पन्नास वर्षं याच रस्त्यानं मिरवत उतरल्या. हो, पण त्यांचं इंजिन त्यांना धरायचं, मूर्ख बाई. सात चोवीस. आरशात काकांचे डोळे दिसले, ते माझ्याकडे बघत होते. "दुखतंय का गं?" म्हणाले. मी म्हटलं, नाही. "काही बोलायचं असलं तर बोल हो, चढावर काय, गाडी आपली आपण चालते." मी म्हटलं, काही नाही काका. त्यांनी मान डोलावली आणि पुढे बघायला लागले. धुक्यातून वर निघालो तसा रुईस डोंगराचा बर्फानं पांढरा माथा समोर आला, आणि वरून हॉर्नचे आवाज ऐकू यायला लागले.

आगारात नुसती जत्रा. फुगे, पताका, गाड्यांच्या कपाळाला केळीची पानं, पोरं खिडक्यांतून अर्धी बाहेर, कुणाच्या तरी स्पीकरवर ट्रम्पेट. माणसं केव्हाच चढून बसली होती. मी पायरीवर घुटमळत राहिले तेवढ्यात रोसेंदोनं चढात थोडी रिकामी झालेली आमची सोळा नंबरही दहा मिनिटांत पुन्हा भरली, आणि आता तिची केबल काढून खांद्यावर गुंडाळत होता. मला बघून त्यानं दोन्ही हात वर केले. "बावीसच्या बावीस, निदियाबाई! काठोकाठ!" वीज काही सांडता येत नाही, म्हणून त्यानं कपातली काळी कॉफी दोन थेंब जमिनीवर शिंपडली आणि छातीवर क्रूसाची खूण केली. कास्त्रियोनसाहेब टाय लावून फाटकापाशी उभे होते, फोनवर खालच्या चर्चच्या फादरशी बोलत होते. सात चाळीस. मी त्यांच्याकडे चालत निघाले.

"साहेब, गाड्या सोडू नका."

त्यांनी फोनवर हात ठेवला. "काय?"

"सोडू नका. खाली उतरताना धरणार नाहीत. बॅटरीत जागा नाही." मी हळू बोलायचं ठरवलं होतं, पण ट्रम्पेटच्या वर आवाज काढावा लागला, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी स्पीकर बंद केला. मग मी सगळ्या आगारासमोर बोलत होते. उतारावर वीज परत येते, तिला जागा लागते, जागा नसेल तर सगळा भार पट्ट्यांवर येतो. हे बघा, म्हणून मी तळहात दाखवला. एका जवळजवळ रिकाम्या गाडीचं चाक आहे हे, म्हणाले, तुमच्या एकेका गाडीत सत्तर माणसं आहेत.

साहेबांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "शंभर टक्क्यांची परवानगी कोणाची?"

"माझी."

"तुम्हाला हे माहीत नव्हतं?"

"पुस्तकात नव्वद लिहिलं होतं. का लिहिलंय ते मला कळलं नाही. कळलंय असं वाटलं."

"आणि सोळा नंबर? ती तर मार्चपासून—" ते थांबले. हुशार माणूस आहे, मला सांगावं लागलं नाही. "म्हणजे ओकाम्पोंचा आकडा..."

"त्यांचा नाही. माझा आहे तो आकडा. ते बरोबर सांगत होते."

रोसेंदो कपातल्या उरलेल्या कॉफीकडे बघत उभा होता, आणि मला त्याची इतकी दया आली की रडूच फुटायचं. "तुझं काही नाही रे," मी म्हणाले. "तू विचारलंस. मी हो म्हटलं."

"आता भरलेली बॅटरी रिकामी कशी करायची?" साहेब म्हणाले. "फादर गाड्यांवर शिंपडायचं पवित्र पाणी घेऊन वाट बघतायत."

"जाळायची," मी म्हणाले. "हीटर लावा. सगळ्या गाड्यांचे, पूर्ण. दिवे, पंखे, काच पुसायचं गरम वारं, जे जे आहे ते सगळं. दारं-खिडक्या सताड उघडी. पाऊण तास. एकेका गाडीची अठरा युनिटं तरी गेली पाहिजेत."

"बावीस गाड्यांची चारशे युनिटं? हवेत?"

"हवेत."

पहिल्यांदा कोण हसलं माहीत नाही. मागून एक ड्रायव्हर ओरडला, "अरे, फोटो काढा रे! धुलाईघरात दिवा राहिला म्हणून मला चिठ्ठी लावली होती हिनं!" दुसरा म्हणाला, "हीटर लावला म्हणून माझं अख्खं मे महिन्याचं बक्षीस खाल्लं!" आणि मग बावीस गाड्यांनी एकदम भसाभस गरम वारा ओकायला सुरुवात केली. बायका शालीच्या टोकानं वारा घेत खाली उतरल्या, पोरं बनियनवर आली, कुणीतरी अंगणातच नाच सुरू केला. डोंगरावरची सकाळ, तोंडातून वाफ निघणारी थंडी, आणि मी एका गाडीतून दुसऱ्या गाडीत पळत टक्के बघत होते. नव्व्याण्णव. नव्व्याण्णवच. अठ्ठ्याण्णव. आयुष्यात मी कधी आकडा खाली जावा म्हणून इतकी तळमळले नव्हते. मध्येच साहेबांनी मला बाजूला घेतलं. "नोटीस दिलीत का?"

मी खिशातून कागद काढला. दोन्ही सह्या होत्या. भाजलेल्या हातानं गाडीच्या पत्र्यावर धरून मी आडवं लिहिलं: रद्द. मोजणीत चूक माझी. चालकाने दोष वेळेवर सांगितला होता. आणि पुन्हा सही केली. साहेबांनी तो वाचला, घडी घालून कोटात ठेवला. "तुमच्याबद्दल उद्या बोलू," म्हणाले. मी म्हटलं, बोलू. वेळ पावणेनऊ, आकडा चौऱ्याण्णव. सोडा म्हटलं.

मी सोळा नंबरमध्ये चढले, पुन्हा त्यांच्या मागे उभी राहिले. गाडी माणसांनी ठासून भरली होती. मागे एकवीस गाड्यांचे हॉर्न. फाटकाबाहेर रस्ता सरळ खाली तोंड करतो आणि पहिलं वळण येईपर्यंत समोर फक्त आकाश असतं. मी खांब इतका घट्ट धरला होता की तळहातावरचा फोड फुटला. काकांनी पाय उचलला, मग टेकवला. गाडी मागे आली. लगाम ओढल्यासारखी. स्टिअरिंगसमोरचा, परत येणारी वीज दाखवणारा हिरवा काटा वर चढला आणि तिथे राहिला. दुसरं वळण, तिसरं. चौऱ्याण्णवचे पंचाण्णव झाले. मी मागे वळून पाहिलं, धुक्याच्या कडेवर एकेक गाडी सावकाश वळण घेत होती, माळा हलत होत्या.

"धरतेय," काका म्हणाले. "बघ, उपाशी ठेवली की कशी शहाण्यासारखी चालते."

"काका," मी म्हणाले. आता बोलले नसते तर कधीच बोलले नसते. "सकाळचा तो कागद यादी नव्हती. तुमची गाडी काढून घेतल्याची नोटीस होती. तुम्ही न वाचता सही केलीत. मी रद्द केली, पण दिली मी होती. मला सांगायचं होतं."

वळण आलं, ते त्यांनी घेतलं. मग उजव्या हातानं शर्टाच्या खिशातून चष्मा काढला आणि नाकावर चढवला, समोर ऊन यायला लागलं होतं म्हणून असेल.

"वाचला होता मी," ते म्हणाले.

"मग सही का केलीत?"

"तुझा हात भाजला होता, पोरी. चाकाला हात लावलास ना, तेव्हाच तुझं तोंड बघितलं मी. म्हटलं आता हिला कळणार. चढ आहे चाळीस मिनिटांचा, वर जाईपर्यंत बोलेल." त्यांनी आरशात बघितलं, पण माझ्याकडे नाही, मागच्या गाड्यांकडे. "सबंध चढ वाट बघितली."

मागच्या सीटवर पोरांनी मातेचं गाणं सुरू केलं होतं आणि सगळी गाडी टाळ्या वाजवत होती. मी एका हातानं खांब धरून उभी राहिले. खाली चर्चसमोर फादर पाण्याचं भांडं घेऊन उभे असलेले दिसायला लागले, तेव्हा काकांनी मला हॉर्नच्या बटणाकडे मानेनं खुणावलं. तो पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरनंच वाजवायचा असतो. मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा खुणावलं.